पुरण एकच, पोळ्या चार तऱ्हेच्या

आमच्या घरी सण आला की दोन गोष्टी ठरलेल्या. पुरण शिजणार आणि पुरणावरून वाद होणार. माझे माहेर वाईचे, धाकटी जाऊ अमरावतीची, सासूबाई बागलाणातल्या, सटाण्याकडच्या. तिघी नाशिकमध्ये एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या की पुरणपोळी म्हणजे नक्की काय, इथूनच सुरुवात होते. मी म्हणते पातळ हवी, जाऊबाई म्हणतात जाड हवी, आणि सासूबाई दोघींकडे बघून म्हणतात, “तुमच्या त्या पोळ्या. आमचे ते मांडे.”

एरवी हा वाद हसण्यावारी जातो. पण २०२५ सालच्या अक्षय्य तृतीयेला तो तसा गेला नाही. मामंजींच्या नावाची ती पहिली घागर होती. खानदेश-बागलाणात या सणाला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरून पितरांना जेवू घालतात. वर्षातला हा मोठा सण, दिवाळीच्या तोडीचा. त्यातून ती आली बुधवारी, ३० एप्रिलला. शाळांना सुट्टी लागायची, धाकट्या जाऊबाईंना ऑफिस, आणि पाहुणे अठरा.

जाऊबाईंनी सरळ सांगितले, “ताई, पोळ्या बाहेरून मागवू. आपण आमटी-भात-कुरडया करू. एवढ्या उन्हात कशाला जीव काढायचा?”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. अठरा माणसांच्या चाळीसेक पोळ्या लाटणारी बाई साडेतीनला जेवते आणि तेव्हा तिची भूक मेलेली असते, हे मला वीस वर्षे ठाऊक आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाल्या, “त्यांना मांडे आवडायचे. गॅस आला तेव्हापासून मी केलेच नाहीत. तीस वर्षं झाली असतील.”

झाले. सणाला तीन आठवडे होते. मी ठरवले की दोन-तीन रविवार घालवायचे, सगळ्या तऱ्हा करून पाहायच्या आणि मग काय ते ठरवायचे. वाचक भगिनींनो, ते रविवार कसे गेले ते सांगते. तुमच्या घरी होळीला, पोळ्याला, नवरात्रात हाच प्रश्न पडत असेल, तर माझ्या चुका तरी तुमच्या कामी येतील.

आधी डाळ

पोळी बिघडते ती लाटताना नव्हे, डाळ शिजवतानाच. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला माझे पुरण इतके सैल झाले होते की तव्यावर पोळीऐवजी खीर पसरली. कारण एकच. डाळ निथळायला दिली नव्हती.

पहिल्या रविवारी अर्धा किलो डाळ पातेल्यात आणि तेवढीच कुकरमध्ये, अशी दोन्हीकडे शिजवली. पातेल्यातली डाळ न भिजवता उकळत्या पाण्यात टाकली, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद. सव्वा तास लागला. अधूनमधून फेस काढावा लागला, पाणी वाढवावे लागले. पण कट निघाला तो भरपूर आणि दाट, आणि डाळीचा दाणा अखंड राहून बोटात लोण्यासारखा दबला. कुकरमधली डाळ तीन तास भिजवून घेतली होती. तीन शिट्ट्या आणि मंद आचेवर दहा मिनिटे, एवढ्यात काम झाले. मात्र दाणे फुटले आणि कट गढूळ आला.

आपल्याकडे १९५९ साली प्रेशर कुकर बनू लागले, तरी माझ्या आईने पुरणासाठी तो कधी वापरला नाही. “डाळीला घाई सोसत नाही” म्हणायची. मी तेवढी कडक नाही. पोळीसाठी कुकर चालतो. दोन गोष्टी सांभाळा. एक, हरभऱ्याच्या डाळीला फार फेस येतो, म्हणून कुकर निम्म्यावर भरू नका आणि तेल घालायला विसरू नका. नाहीतर शिट्टीतून पिवळे कारंजे उडते आणि झडप तुंबते. दोन, कट हवा असेल तर पाणी नेहमीपेक्षा जास्त घाला. डाळ डब्यात ठेवून कुकरमध्ये शिजवली तर कट निघत नाही, आणि कटाशिवाय पुरणपोळी म्हणजे अर्धाच सण.

गूळ मात्र डाळ पूर्ण शिजल्यावरच. वेळ वाचवायला काहीजणी डाळ थोडी कच्ची असतानाच गूळ घालतात, “गुळात शिजेल” म्हणून. ती शिजत नाही. गोडामुळे आणि गुळातल्या चुन्याच्या अंशामुळे डाळीचे साल-दाणे मऊ पडायचे थांबतात, मग कितीही आटवा. बोअरच्या जड पाण्यातही असेच होते. आमच्याकडे नळाला गंगापूर धरणाचे पाणी येते तेव्हा डाळ सव्वा तासात शिजते. नळ नसला आणि बोअरचे घेतले की दोन तास.

शिजलेली डाळ चाळणीत वीस मिनिटे निथळू द्या. घड्याळ लावून. अर्धा किलो डाळीला साडेचारशे ग्रॅम गूळ. आमरस असेल तर चारशे पुरे, कारण आंब्यापुढे फार गोड पुरण फिके वाटते. अर्धी साखर घातली तर पुरणाला रंग येत नाही आणि चवही सपक होते, निदान मला तरी. उलथणे मध्यभागी उभे राहिले की पुरण झाले. वेलदोडा, जायफळ, बागलाणकडे सुंठ आणि बडीशेपही. सुंठ मला आवडली, जाऊबाईंना नाही.

आता वाटणे. मिक्सरमध्ये गरम पुरण घालू नका. वाफेने झाकण उडते, आणि पाणी घातल्याशिवाय ते फिरतही नाही. मिक्सरच वापरायचा तर डाळ कोमट करून, गूळ घालण्याआधी फिरवा. पुरणयंत्र सर्वांत बरे, फक्त पुरण गरम असतानाच. गार झाले की हाताला फोड येतात पण यंत्र फिरत नाही. सासूबाई म्हणतात पाट्याला तोड नाही. पोळीपुरते मला ते पटले नाही. मांड्यांच्या वेळी पटले.

पातळ, तेलाची आणि जाड

माझी वाईची पोळी पिठीवरची. कणीक वस्त्रगाळ, अर्धा किलोला दोन मुठी मैदा, मीठ, तेल. सैलसर भिजवून दोन तास झाकून ठेवायची आणि मग तेलाच्या हाताने भरपूर तिंबायची. उंडा लिंबाएवढा, पुरण त्याच्या दुप्पट. तांदळाच्या पिठीवर कडेकडेने लाटायची, मध्ये जोर द्यायचा नाही. अर्धा किलो डाळीच्या बावीस पोळ्या झाल्या. भाजताना पिठी झटकली नाही तर तवा काळा पडतो आणि पुढच्या पोळीला करपट वास येतो, म्हणून दर दोन-तीन पोळ्यांनी तवा फडक्याने पुसायचा. ही पोळी गुळवणीबरोबर किंवा दुधाबरोबर खावी. दुसऱ्या दिवशी ती कडेने वाळते, पण कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर चालते.

तेलपोळी मी कोल्हापूरच्या मावशीकडे शिकले. कर्नाटकातल्या होळिगेची ती सख्खी बहीण. कणीक इतकी सैल की हातात धरवत नाही, वर तेल ओतून ती मुरवायची. केळीच्या पानावर किंवा जाड प्लॅस्टिकवर तेलाचा हात लावून थापायची किंवा लाटायची आणि पानासकट तव्यावर उलटी घालायची. नवशिकीला हीच सोपी, कारण फाटत नाही आणि पिठी उडत नाही. आदल्या दिवशी करून ठेवायची असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही, दोन दिवस मऊ राहते. पण तेल किती जाते ते मी मोजले आणि पुन्हा मोजायचे नाही असे ठरवले. आमच्या घरी दोघांना डॉक्टरांनी तेल कमी सांगितले आहे.

जाऊबाईंची अमरावतीची पोळी म्हणजे वेगळेच प्रकरण. लाटतात कमी, भरतात जास्त. पुरण इतके की कणकेचा पापुद्रा नावापुरता. अर्धा किलो डाळीच्या बाराच पोळ्या झाल्या, आणि एकेक खाऊन माणूस उठला. वर तूप वाटीने. चमच्याने वाढले तर त्यांना तो अपमान वाटतो. पहिल्यांदा मी हसले होते, पण मुलांनी तीच जास्त खाल्ली. शिवाय वेळेचा हिशेब पाहा. बावीस पातळ पोळ्यांना मला पाऊण तास लागला, त्यांच्या बारा पंचवीस मिनिटांत झाल्या. ज्यांना साडेनऊला घर सोडायचे आहे त्यांनी हा विचार जरूर करावा.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० सालापासून आपल्याला वाटी-चमच्याचे माप लावून दिले. त्याआधी “अंदाजाने” हाच शब्द होता. पुरणाला वाटीचे माप छान लागू पडते. कणकेला मात्र अजून अंदाजच लागतो. गहू बदलला की पाणी बदलते. तेवढे सांभाळा.

बाहेरची पोळीही एका ठिकाणहून आणून पाहिली, कारण जाऊबाईंची सूचना न तपासता नाकारणे बरोबर नव्हते. आकार एकसारखा, फाटलेली एकही नाही. पण पुरण एवढेसे, आणि तोंडात तुपाऐवजी वनस्पतीची चव राहिली. सगळीकडे अशीच मिळते असे मी म्हणणार नाही. घरगुती करून देणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून आधी दोन आणून चाखा आणि मगच चाळीस सांगा.

आणि मांडे

“मनातल्या मनात मांडे खाणे” आपण रोज बोलतो, पण मांडा पाहिलेल्या किती जणी असतील? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मंडक’ येतो, उलट्या मडक्यावर भाजलेला. मुक्ताबाईला मांडे भाजायला कुंभारांनी खापर दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरलाच. बेळगावचे मांडे वेगळे. त्यात पिठीसाखर, तूप, खसखस. ते कुरकुरीत आणि लग्नाकार्यातले. खानदेशातला पुरणाचा मांडा मऊ, रुमालासारखा, आणि हातभर रुंद.

गहू आधी ओलवावे लागतात. धुऊन, कापडात बांधून रात्रभर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी दळून पीठ कापडातून गाळायचे. हे सपीट कणकेपेक्षा पांढरे आणि चिवट. भिजवताना घट्ट, मग मिठाच्या पाण्याचा हबका मारत आपटत-तिंबत इतके सैल करायचे की ओढले तर तार सुटावी. अर्धा तास. माझे खांदे भरून आले. सासूबाई स्टुलावर बसून फक्त म्हणत होत्या, “अजून. अजून.”

खापर मी जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून आणले. आणि इथे माझी पहिली मोठी चूक झाली. हौसेने आणले, धुतले आणि ओलेच गॅसवर उपडे घालून आच मोठी केली. पाचव्या मिनिटाला फटाक्यासारखा आवाज आला आणि खापराचे दोन तुकडे ओट्यावर. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नवे खापर आधी पाण्यात भिजवावे, उन्हात पूर्ण वाळवावे, तेलाचा हात फिरवावा, आणि आच सावकाश वाढवावी. हे मला आता ठाऊक आहे.

दुसरे खापर नीट तयार करून गॅसवर ठेवले तेव्हा दुसरी अडचण कळली. शेगडीची आच मधोमध लागते, आणि मांडा तर खापराच्या काठापर्यंत पसरतो. मध्ये करपला, कडेला कच्चा. उपड्या लोखंडी कढईवरही करून पाहिला. तिथे आच बरी पसरते, पण मांडा कडक होतो. शेवटी मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, बाभळीची लाकडे आणली. लाकडाची ज्योत खापराच्या पोटाला सगळीकडून चाटते, म्हणून तो मांडा मऊ होतो. धूर मात्र खरा आहे. सासूबाईंच्या आईने चुलीपाशी खोकत दिवस काढले, हे त्यांनी स्वतःच सांगितले. बंद स्वयंपाकघरात हा उद्योग कोणी करू नये. उघड्यावर, वर्षातून एखाद-दोनदा ठीक.

करण्याची रीत अशी. सपिटाच्या दोन लहान पुऱ्या, मध्ये मूठभर पुरण, कडा दाबून बंद. थोडे लाटून घ्यायचे आणि मग लाटणे बाजूला. पुढचे सगळे हातावर. आधी बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत फिरवत न्यायचे. मांडा आपल्याच वजनाने वाढत जातो. पुरणात डाळीचा एक दाणा राहिला असेल तर तिथेच भोक पडते. पाट्यावरचे पुरण का, ते मला माझ्या पहिल्या तीन मांड्यांनी शिकवले. तिन्ही फाटले. एक तर माझ्या कोपरात अडकून राहिला.

सासूबाईंचा उजवा हात आता थरथरतो. त्या उठल्या, माझ्या हातावरचा चौथा गोळा स्वतःच्या हातावर घेतला आणि दोन वळसे दिले. हात थरथरत होता, पण मांडा थरथरत नव्हता. अर्ध्यावर त्यांना पेलवेना, तसा त्यांनी तो पुन्हा माझ्या मनगटावर टाकला आणि म्हणाल्या, “घाई नको करू व माय. हात ढिला सोड.” अहिराणी त्या एरवी आमच्याशी बोलत नाहीत. तो मांडा आम्ही दोघींनी मिळून खापरावर टाकला. काठाला जरा जाड होता, पण अखंड होता.

त्या अर्धा किलो डाळीचे, फाटलेले धरून, नऊ मांडे झाले. वेळ दोन तास, माणसे दोन. एक हातावर घेणारी आणि एक जाळ सांभाळणारी. अठरा माणसांना पोटभर मांडे घालणे एकटीदुकटीचे कामच नाही. पूर्वी भाऊबंदांच्या पाच-सहा बायका जमत तेव्हा ते व्हायचे. हे सासूबाईंनाही मान्य झाले.

मग असे ठरले. मंगळवारी संध्याकाळी एक किलो डाळ, निम्मी पातेल्यात कटासाठी आणि मांड्यांसाठी, निम्मी कुकरमध्ये. पुरण रात्री फ्रिजमध्ये. एप्रिलच्या नाशकात ते बाहेर ठेवायचे नाही, सकाळपर्यंत आंबते. पहाटे बाहेर काढून, चमचाभर दूध लावून मळून घेतले. अंगणात पाच मांडे, सासूबाई आणि मी, साडेसहा ते आठ. तेवढ्यात जाऊबाईंनी नऊपर्यंत दहा जाड पोळ्या उरकल्या आणि दुपारची सुट्टी टाकून बाराला परत आल्या. उरलेल्या पातळ पोळ्या मी आणि नणंदेने दोन तवे लावून केल्या. आमटी एकच करायची होती तिथेही दोन झाल्या. माझी कटाची, चिंच-गुळाची आणि गोड्या मसाल्याची. सासूबाईंची रशी, भाजलेला कांदा, खोबरे आणि काळा मसाला घातलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी. रशी आधी संपली, हे कबूल करते.

घागरीवर आंबा आणि खरबूज ठेवले. पानावर मांडा चौघडी घालून वाढला, वर आमरसाची वाटी. सासूबाई बराच वेळ पानाकडे बघत उभ्या होत्या. मग वळून पुरुषमंडळींना म्हणाल्या, “तुम्ही थांबा जरा. ह्या तिघी पहाटेपासून उभ्या आहेत, आधी त्यांना बसू दे.” आमच्या घरात असे कधी झाले नव्हते. दिरांनी वाढायला घेतले आणि पहिल्याच खेपेला रशी परातीत सांडली.

खापर मी धुतले नाही. कोरड्या फडक्याने पुसून, कापडात गुंडाळून ओट्याखालच्या कप्प्यात ठेवले आहे. माळ्यावर ठेवू का विचारले तर सासूबाई म्हणाल्या, “वर कशाला? पोळ्याला लागेलच की.”